निराधार पिल्लाला आसरा



1959 साली मद्रास शहरात पावसाने रस्ते जलमय झाले असता विमानचालक कॅप्टन व्ही. सुंदरम यांना पाण्यात धडपडणारी कुत्र्याची पिल्ले दिसली. ती त्यांनी घरी नेली. या साध्या कृतीतून ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ ही संस्था उदयास आली. पिल्लू उचलण्यास क्षणभराची करुणा पुरते. ते जगवून त्याला कायमचे घर मिळवून देण्यास मात्र कित्येक आठवड्यांची जबाबदारी पत्करावी लागते. त्या जबाबदारीचे स्वरूप काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

एकटे दिसलेले प्रत्येक पिल्लू पोरके असतेच असे नाही. पुष्कळदा आई अन्नाच्या शोधार्थ गेलेली असते. पिल्लू उबदार व हुशार दिसत असेल, तर दूर उभे राहून आईची वाट पाहणेच श्रेयस्कर. परंतु ज्याचे अंग गार पडले आहे, हिरड्या फिकट झाल्या आहेत, जे उलट्या व रक्तमिश्रित जुलाबांनी निपचित पडले आहे, त्याच्या बाबतीत विलंब घातक ठरतो.

अशा वेळी घरातील मंडळी प्रथम दुधाची वाटी पुढे करतात. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होतो. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही, आणि गाईच्या दुधाने जुलाब वाढण्याचा संभव असतो. शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या तोंडात पाणी ओतल्यास ते फुप्फुसांत जाते. म्हणून आधी ऊब द्यावी. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी आणि त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

पिल्लू हाताळताना जाड कापड वापरावे. ते चावले वा त्याचे नख लागले, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडून रेबीजप्रतिबंधक लस घ्यावी. ‘एवढेसे तर पिल्लू’ असे म्हणून याची उपेक्षा करणे जिवावर बेतू शकते; कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

रक्ताचे जुलाब हे बहुधा पार्व्हो या रोगाचे लक्षण असते. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेल्या या रोगाच्या विषाणूवर हमखास गुणकारी असे औषध नाही. शिरेवाटे सलाइन देऊन शरीरातील पाण्याची तूट भरून काढणे व अन्य जंतूंचा संसर्ग रोखणे, हाच मुख्य उपचार होय. तो वेळेवर मिळाल्यास बरीच पिल्ले तगतात; न मिळाल्यास बहुतेक दगावतात. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून आजारी पिल्लाला घरातील इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे आणि जागा विरंजक द्रावणाने धुवावी. साऱ्या शुश्रूषेनंतरही एखादे पिल्लू मरते. त्याचे शेवटचे दिवस उबेत व माणसाच्या सहवासात गेले, हेही व्यर्थ नव्हे.

वाचलेल्या पिल्लाला जंतांचे औषध द्यावे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पार्व्हो व डिस्टेंपर यांच्या लसी टोचाव्यात. सुमारे चार महिन्यांचे होईपर्यंत त्या ठरावीक अंतराने पुन्हा द्याव्या लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात.

यानंतर घराचा शोध सुरू होतो. मागणारा पहिला माणूस योग्यच असेल असे नाही. घरातील सर्वांची संमती आहे काय, दिवसभर कोण सांभाळील, कुटुंब परगावी गेल्यास व्यवस्था काय, हे प्रश्न संकोच न बाळगता विचारावेत. लहान मुलाच्या हट्टापायी नेलेले पिल्लू वर्षभरात पुन्हा रस्त्यावर आल्याची उदाहरणे विरळा नाहीत. पाळीव प्राण्यास उपासमार सोसावी लागेल अशा स्थितीत सोडून देणे, हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. वयात आल्यावर निर्बीजीकरण करून घेण्याचे वचनही नव्या पालकाकडून घ्यावे, अन्यथा त्याच रस्त्यावर पुन्हा नवी पिल्ले जन्मास येतील.

पिल्लाला निरोप देताना वाचविणाऱ्याचे मन जड होते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु महिन्याभराने विचारपूस करण्यास जावे आणि त्या पिल्लाने नव्या धन्याच्या पायांशी बसूनच अनोळखी पाहुण्यावर भुंकावे, याहून अधिक समाधानकारक फलश्रुती दुसरी नाही.