पीळ, वर्तुळ आणि कपाशीचे बीज
(भाषणाचा गोषवारा)



नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेले ‘एनएचएच ४४’ हे संकरित वाण मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्यास सुपरिचित आहे. २००२ साली भारतात बीटी कपाशीस मान्यता मिळाली. तिच्यातील कीडनाशक जनुक मुळात मातीतील एका जिवाणूचे. अशी जनुके त्या जिवाणूत बहुधा ‘प्लाझ्मिड’वर, म्हणजे डीएनएच्या सुट्या वर्तुळांवर असतात. प्रयोगशाळेतही जनुकाची ने-आण अशाच वर्तुळांवरून होते. म्हणून या वर्तुळांची पारख ही जैवतंत्रज्ञानाची पहिली पायरी होय.

डीएनए हा दोन धाग्यांचा पीळ. त्याची टोके जुळून वर्तुळ झाले आणि त्यास अधिक पीळ पडला, की चऱ्हाटाप्रमाणे ते स्वतःभोवती गुंडाळून आटोपशीर होते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे म्हणतात. येथे मात्र एका धाग्यास चीर पडताच हा जादा पीळ उलगडतो व वर्तुळ सैल होते. समोरासमोर दोन्ही धागे तुटले, तर सरळ दोर उरतो. वस्तू एकच, रूपे तीन!

ही रूपे जेल इलेक्ट्रोफोरेसिसने वेगळी करता येतात. समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या ॲगॅरोजची वडी थापून तिच्या खाचांत नमुना भरतात व वीजप्रवाह सोडतात. डीएनएवर ऋण विद्युत्‌भार असल्याने तो धन टोकाकडे सरकतो. वडीच्या सूक्ष्म छिद्रांतून पीळदार वर्तुळ सामान्यतः सर्वांत पुढे जाते, सैल वर्तुळ मागे राहते आणि सरळ दोर बहुधा मध्ये असतो. विशिष्ट रंगद्रव्य लावून अतिनील प्रकाशात पाहिले असता हे पट्टे उजळतात.

नवशिक्याची फसगत येथेच होते. तीन पट्टे म्हणजे तीन प्लाझ्मिडे नव्हेत. शेजारची मोजपट्टी सरळ तुकड्यांची असते. तिच्यावरून पीळदार वर्तुळाची लांबी ठरविणे चुकीचे. त्यासाठी वर्तुळास एकाच ठिकाणी छेदणारे विकर वापरावे. मग तिन्ही पट्ट्यांचा एकच पट्टा होतो व खरी लांबी कळते. ही खातरजमा न केल्यास पुढील सारे श्रम वाया जाऊ शकतात.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचेही मोठे नुकसान केले. किडीने प्रतिकारशक्ती मिळविली, की नव्या जनुकांचा शोध घ्यावा लागतो. त्यासाठी प्रशिक्षित हात याच भागात घडू शकतात. नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि लातूरचे कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय ही त्याची स्थाने होत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस पट्टे केवळ मोजण्यास नव्हे, तर पडताळण्यास शिकवावे. पंचायत सदस्यांनी गावातील होतकरू मुलामुलींना या प्रयोगशाळांची वाट दाखवावी. पट्टा अचूक वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून उद्याच्या बियाण्याचा भरवसा निर्माण होणार आहे.