तारेचे दात आणि अक्कलदाढ

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आजवर मी या सभेत सतरंज्या घातल्या, चहा केला. बोलायला कधी उभी राहिले नाही. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चौघी जणींनी मला एकच प्रश्न विचारला : "मुलीच्या दातांना तार लावली आहे, आता तिच्या अक्कलदाढा काढून टाकायच्या का?" तेव्हा सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "एकेकीला सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांनाच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. मी सांगणार आहे ते माझ्या पदरचे नाही. आमच्या मुलीचे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तीन वर्षे विचारून विचारून भंडावले, त्यातून गोळा झालेले आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

आधी माझीच कथा सांगते. २००१ साली थोरल्याच्या वेळी मला पाचवा महिना होता. एका रात्री उजवीकडची शेवटची दाढ ठणकू लागली. सकाळी गाल पुरीसारखा फुगलेला. लवंग धरून झाली, हिंग भरून झाला. शेजारच्या एका बाईंनी सांगितले म्हणून दुखण्याची गोळी कुटून हिरडीवर दाबली, तर हिरडीच भाजून निघाली. तोंड एका बोटाएवढेही उघडेना. चार दिवस पेजेवर काढले. पोटात बाळ आणि मी उपाशी! घरात सगळ्यांचे तोंडचे पाणी पळाले. शेवटी डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, "अक्कलदाढ आडवी आहे. तिच्यावर हिरडीचे झाकण आहे, त्याखाली अन्न अडकून पू झाला आहे." त्या अवस्थेत औषधेसुद्धा जपून द्यावी लागली. पुढे बाळंतपण झाल्यावर दाढ काढली. ती आडवी आहे हे माझ्या लग्नाआधीच एका फोटोत दिसले असते. पण तो कुणी काढला नाही, आणि काढतात हे आम्हाला ठाऊकही नव्हते.

म्हणून २०२२ साली धाकटीला तेराव्या वर्षी तार लावायची ठरली, तेव्हा मी पहिला प्रश्न अक्कलदाढेचा केला. तार लावण्याआधी सबंध जबड्याचा एक मोठा एक्स-रे काढतात. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडावर धरून दाखवला. आलेले दात तर दिसतच होते, पण त्यांच्या मागे, हाडाच्या आत, हरभऱ्याएवढे गोल दिसले. त्या अक्कलदाढा, नुकत्या घडू लागलेल्या. खाली दोन, वर उजवीकडे एक. वर डावीकडे मात्र काहीच नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "तारेसाठी चार दाढा काढायच्या म्हणता, आणि एक देवानेच दिली नाही. मग पोरीची बत्तिशी पुरी व्हायची कशी? अक्कल तरी पुरी येणार का?" मुलगी रडवेली झाली. मलाही धास्ती वाटली, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, त्यांनी नीट समजावले. अक्कलदाढ नसणे हा रोग नाही. साधारण चार-पाच माणसांत एकाला तरी चारपैकी एखादी अक्कलदाढ मुळातच नसते. कुणाला एक नसते, कुणाला दोन. चारही नसणारे थोडे. खालच्यापेक्षा वरच्या जबड्यात ती अधिक वेळा नसते. म्हणजे तार लावायला आलेल्या बहुतेक मुलांना अक्कलदाढा असतातच, पण सगळ्यांना सगळ्या नसतात. आणि नावावर जाऊ नका : अकलेचा तिच्याशी काही संबंध नाही. सतरा ते पंचवीस या शहाणपणाच्या वयात ती येते, म्हणून ते नाव पडले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या दाढेचा अंकुर साधारण आठव्या-दहाव्या वर्षापासून फोटोत दिसू लागतो, पण काहींना चौदाव्या वर्षापर्यंत किंवा त्याहून उशिराही दिसतो. तेव्हा दहाव्या वर्षी फोटोत दिसली नाही, तर "नाहीच" असे म्हणून मोकळे होऊ नये.

आता मूळ प्रश्न. आपल्यात समज असा, की मागून अक्कलदाढ रेटा देते, पुढचे दात वाकडे होतात आणि तारेवर घातलेले पैसे पाण्यात जातात. मीही तसेच समजत होते. पण पाहणीत असे दिसले आहे, की ज्यांना अक्कलदाढा नाहीत त्यांचेही खालचे पुढचे दात वय वाढेल तसे थोडे गर्दी करतात. तेव्हा सगळा दोष त्या दाढेवर घालता येत नाही. तार काढल्यावर डॉक्टर जी पट्टी देतात, ती न लावल्यानेही दात परत फिरतात. आमच्या मुलीने ती पट्टी एकदा पंधरा दिवस कपाटात ठेवली होती. परत घातली तेव्हा दाटली, आणि मग तिला पटले!

म्हणून केवळ दात वाकडे होतील या भीतीने निरोगी अक्कलदाढ काढू नये. इंग्लंडात 'नाइस' या संस्थेने २००० सालीच सूचना काढली, की हाडात अडकलेली पण काही रोग नसलेली अक्कलदाढ उगाच काढू नये. उलट तारेसाठी सुळ्यांमागच्या उपदाढा काढल्या असतील, तर अक्कलदाढेला मागे थोडी जास्त जागा मिळण्याचा संभव असतो. सासूबाईंना हे सांगितले, तेव्हा कुठे त्यांचे मन निवले.

पण काढू नये म्हणजे विसरून जावे, असे नाही. दाढेखाली पुन्हा पुन्हा पू होणे, शेजारची दाढ किडणे, आत पाण्याची गाठ होणे, अशा वेळी ती काढावीच लागते. आणि काढायचीच असेल तर तरुणपणी सोपे जाते. पुढे मुळे लांब होतात, हाड कठीण होते. खालच्या दाढेच्या मुळाजवळून ओठाची नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो. म्हणून हे काम जाणत्या हातानेच व्हावे.

तेव्हा बायांनो, तीन गोष्टी करा. तार लावताना "अक्कलदाढा किती आहेत, कशा बसल्या आहेत?" हे विचारा, लाजू नका. तो फोटो लग्नपत्रिकांच्या ढिगात टाकू नका, जपून ठेवा. आणि मूल सतरा-अठरा वर्षांचे झाले की पुन्हा दाखवा; मुलगी असेल तर सासरी जाण्याआधी जरूर. मधेच हिरडी दुखली तर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. पण ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा सूज गळ्याकडे उतरली, तर घरगुती औषधात एक दिवसही घालवू नका.

आमच्या मुलीला २०२५ साली सोळाव्या वर्षी पुन्हा दाखवले. खालच्या दोन्ही दाढा बऱ्यापैकी उभ्या आहेत. तूर्त काही करायचे नाही, नजर ठेवायची. हिशेबाने तिचे सत्तावीसच दात होणार. पण त्या सत्तावीस दातांनी ती मनमोकळी हसते. आधी तोंडावर हात धरून हसत असे.

मी जे चार दिवस काढले, ते तुमच्या लेकींना काढावे लागू नयेत, एवढीच इच्छा.