हळू सायकल ते पसरणी घाट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला बोलायला उभं केलंय ते सायकलवर. संयोजकांनी माझी ओळख करून देताना 'सायकलपटू' असा शब्द वापरला. तो ऐकून मागच्या रांगेतून जो हशा आला तो कुणाचा होता हे मी ओळखलंय. बावधनहून शाळेत येताना चेन पडली की मी रस्त्याच्या कडेला रडत उभी राहायचे, आणि ती चेन बसवून देणारी मंडळी तिथेच बसली आहेत.

तर आधी शाळेतली गोष्ट. आठवीत असताना क्रीडामहोत्सवात मुलांसाठी सायकल शर्यत होती, कृष्णेच्या पुलापासून पसरणीच्या पायथ्यापर्यंत आणि परत. मुलींसाठी होती 'हळू सायकल'. नव्या पिढीसाठी सांगते: मैदानावर चुन्याच्या दोन रेघा मारायच्या, त्यात सायकल चालवायची, पाय टेकवायचा नाही, आणि जी सगळ्यात शेवटी पोचेल ती पहिली. मी पहिली आले. बक्षीस म्हणून स्टीलची वाटी मिळाली. ती अजून आमच्या मिसळणाच्या डब्यात आहे, हळदीची. पी. टी. चे सर समोर बसलेत म्हणून सांगते. सर, राग नाही, पण आमचे मिस्टर म्हणतात की तू आजही त्याच शर्यतीत भाग घेतेस.

त्यानंतर पंचवीस वर्षं सायकलला हात लावला नाही. लग्न होऊन साताऱ्याला आले, बँकेत लागले, मुलगा झाला. २०१७ साली बँकेत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. त्यात तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, आली ६.३. डॉक्टर म्हणाले, मधुमेह दारात उभा आहे, अजून आत आलेला नाही. चालायला जा म्हणाले. साताऱ्यात हिल मॅरेथॉनमुळे पळणाऱ्यांची कमी नाही, शेजारच्या वहिनीसुद्धा यवतेश्वरचा घाट पळत चढतात. पण माझे गुडघे पळण्यातले नाहीत. म्हणून सायकल.

पहिली सायकल मुलाची गिअरची होती, दप्तर अडकवायचा हूकसुद्धा तसाच. वर्षभराने रोड बाईक घेतली. सासूबाईंना तिची किंमत सोळा हजार सांगितली. खरी किंमत बासष्ट हजार होती. सासूबाई आज आलेल्या नाहीत, आणि ही स्मरणिका घरी पोचेपर्यंत मी काहीतरी तोडगा काढेन.

लोकांना वाटतं सायकलिंग म्हणजे पहाटेची शुद्ध हवा. हवा असतेच, पण मुख्य गोष्ट वेळेची असते. आमच्या पेठेत नळाला पाणी साडेसहाला येतं. त्याच्या आत परतायचं तर पावणेपाचला पायडल फिरलं पाहिजे, म्हणजे सव्वाचारला उठणं आलं, म्हणजे डब्याची कणीक रात्रीच मळणं आलं. आठवड्यातले चार दिवस असे. रविवारी लांबची फेरी: कोरेगावकडे, मेढ्याकडे, नाहीतर यवतेश्वर चढून कासपर्यंत. सरावातलं मला सगळ्यात उशिरा कळलेलं गुपित असं की बहुतेक दिवशी हळूच चालवायचं असतं. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे इतकं हळू. आठवड्यातून एक-दोनदाच जीव काढायचा, तोही मोजून: आठ मिनिटं जोरात, चार मिनिटं सैल, असं चार वेळा. सुरुवातीला मी रोज मधल्याच वेगाने दामटत होते. त्यात दमायला व्हायचं, सुधारणा काही नाही. म्हणजे सरांची हळू सायकल शास्त्रीयच होती म्हणायची.

खाण्याचंही तसंच. दोन तासांपुढची फेरी असेल तर भूक लागायच्या आधी खायचं, तासाला साधारण साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं. त्यासाठी परदेशी पाकिटं मिळतात. मी केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू आणि बाटलीत लिंबू-मीठ-साखर यांवर भागवते. फक्त पसरणी घाटात केळं पाठीच्या खिशात ठेवू नये. पर्यटकांनी खाऊ घालून लाडावलेली माकडं कठड्यावर बसलेली असतात. एकाने चालत्या सायकलवरून माझं केळं काढून घेतलंय. त्याचा वेग माझ्यापेक्षा बरा होता.

जानेवारी २०१९ मध्ये पहिली बीआरएम केली, दोनशे किलोमीटरची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही शर्यत नसते, यात पहिला-दुसरा काढत नाहीत. मूळ फ्रान्सचं, आपल्याकडे ऑडॅक्स इंडियाच्या मार्फत चालतं. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. मदतीला मागून गाडी चालत नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं, आणि वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. या चारही एकाच हंगामात केल्या की 'सुपर रँडोनर' म्हणवतात. माझं दोनशे बारा तास पन्नास मिनिटांत झालं. घरी आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "पहिली कोण आली?" मी म्हटलं, सगळेच येतात. त्यांना ते काही पटलं नाही.

पण डोक्यात ते सुपर रँडोनर बसलं. करोनामुळे दोन हंगाम गेले. डिसेंबर २०२१ मध्ये तीनशे झालं, साडेअठरा तासांत. त्याच हंगामातल्या चारशेची फी भरली होती. साखर ५.७ वर आली होती. सगळं छान चाललं होतं.

जानेवारीत एका पहाटे आम्ही चौघं महामार्गावर होतो. पुढे आमच्या गटातले काका होते, वय अठ्ठावन्न, आमच्यात सगळ्यात शिस्तीचे. हेल्मेट, चमकणारं जाकीट, मागे दोन दिवे, सगळं नियमाने. मी त्यांच्या मागे दोनशे मीटरवर असेन. मागून एक गाडी माझ्या शेजारून गेली, पुढे आवाज झाला, आणि ती थांबली नाही. मी पोचले तेव्हा काकांचा मागचा लाल दिवा रस्त्याच्या कडेला मातीत पडून लुकलुकत होता. काका बोलत होते, सारखं एकच विचारत होते, सायकल ठीक आहे का. खुब्याचं हाड मोडलं होतं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. आज ते काठी घेऊन चालतात. सायकलवर परत बसले नाहीत.

त्या दिवशी दवाखान्यातून घरी आले तेव्हा माझ्या जाकिटाला त्यांचं रक्त होतं. कुणी काही बोललं नाही. मिस्टरांनी चहा दिला. सासूबाई देवापाशी बसल्या होत्या. मुलगा तेव्हा बारावीला होता. रात्री जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "आई, तू मला रात्री नऊनंतर गाडी काढू देत नाहीस."

एवढंच. मी बँकेत रोज पन्नास माणसांना उत्तरं देते. त्या वाक्याला मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही सुचलेलं नाही. स्वतःच्या तब्येतीसाठी करते म्हणावं, तर तब्येतीसाठी काळोखात तीनशे किलोमीटर जावं लागत नाही. ते मी माझ्या हौसेसाठी करत होते, आणि त्या हौसेची भीती मात्र घरातली बाकीची तिघं भोगत होती. मी फोन उचलेपर्यंत त्यांनी किती पहाटे जागून काढल्या असतील, याचा मी कधी हिशेब केला नव्हता. चारशेचं नाव काढून घेतलं. सायकल गॅलरीत कापड घालून ठेवली.

आठ महिने ती तशीच होती. पुढच्या तपासणीत साखर ६.१ आली. तो कागद मी कुणाला दाखवला नव्हता, पण मिस्टरांना कपाटात सापडला. त्यांनी थेट काकांना फोन केला. त्याच संध्याकाळी काकांचा जावई त्यांचा ट्रेनर घेऊन आला. ट्रेनर म्हणजे मागचं चाक काढून सायकल त्याच्यावर बसवायची आणि घरातच चालवायची. पैसे घेतले नाहीत. काकांनी निरोप दिला होता, "धूळ बसतेय त्याच्यावर."

म्हणून मग गॅलरीत सायकल. मी घामाघूम होऊन पायडल मारतेय आणि सासूबाई शेजारी खुर्चीवर मेथी निवडतायत. दर पंधरा मिनिटांनी विचारायच्या, "पोचलीस का गं कुठं?" त्या हिवाळ्यात मी शंभर तासांवर सायकल चालवली असेन आणि गॅलरीच्या बाहेर गेले नाही. पण ताकद परत आली. मग आम्ही घरात बसून ठरवलं. उजाडल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. महामार्ग बंद. हँडलला आरसा, दिवसाही मागचा दिवा चालू, आणि फोनवर मी कुठे आहे ते तिघांनाही दिसलं पाहिजे. उजाडल्यावर निघायचं म्हणजे नळाच्या वेळेला मी घरात नाही, तेव्हा पाणी भरणं मिस्टरांकडे गेलं. रात्रीचं चालवणं गेलं, म्हणजे चारशे-सहाशेही गेलं. मग दिवसाउजेडी काय राहिलं? घाट.

आणि घाट म्हटलं की आपला पसरणीच. वाई साधारण ७२० मीटर उंचीवर, पाचगणी साधारण १२९०. बारा किलोमीटरमध्ये ५७० मीटर चढ. विज्ञानाच्या बाई, आता जरा तपासा: मी आणि सायकल मिळून ७० किलो. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे सुमारे ३ लाख ९१ हजार ज्यूल. ६५ मिनिटांत, म्हणजे ३,९०० सेकंदांत चढायचं तर १०० वॅट. हवेचा विरोध, टायरचं घर्षण धरून १२० म्हणू. स्वयंपाकघरातला मिक्सर ५०० वॅटचा असतो. म्हणजे मी जीव तोडून घाट चढते त्या शक्तीत खोबऱ्याची चटणीसुद्धा होणार नाही. स्थितिज ऊर्जा मला नववीत कळली नव्हती, ती बुवासाहेबांच्या देवळाच्या वळणावर कळली.

गेल्या वर्षी एका क्लबने वाई ते पाचगणी चढाची शर्यत घेतली. चाळिशीपुढच्या महिलांच्या गटात आम्ही पाच जणी. सरावात मी एक तास पाच मिनिटांच्या आत एकदा आले होते, तेच ध्येय होतं. वडिलांना सांगायला बावधनला गेले. आता त्यांचं वय ब्याऐंशी आहे. त्यांनी वीस वर्षं काळ्या सायकलला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून बावधन-वाई केलंय, ऊन-पावसात, एक दिवस न चुकता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाचगणीला यष्टी जाती की गं."

शर्यतीत मी तेच केलं जे करू नये असं मी दुसऱ्यांना सांगते. पहिल्या तीन किलोमीटरला पुढच्या बायकांच्या मागे लागले. नाडी १७४ वर गेली. मध्यावर पाय संपले. शेवटच्या गिअरवर, पुढे ३४ दात आणि मागे ३२, चालायच्या वेगाने निघाले होते. एका वळणावर भावाची मोटारसायकल उभी दिसली आणि कठड्याला टेकून वडील. त्यांच्याकडे बघून वाटलं, आता काहीतरी धीराचं बोलतील. ते मोठ्याने ओरडले, "अगं, उतर खाली! घाटात ढकलायची असती!" हसू आलं आणि श्वास लागला, दोन्ही एकदम. पण उतरले नाही. खाली धोमचं पाणी दिसत होतं. दांडेघरच्या नाक्यापाशी चढ कमी होतो, तिथून जमेल तसं मारलं. एक तास सात मिनिटं. पाचांत चौथी. पाचवीची चेन तुटली होती, हेही सांगायला हवं.

उतरताना मी सायकल भावाच्या ओळखीच्या टेम्पोत टाकली आणि वडिलांबरोबर खरोखरच यष्टीने वाईला आले. वाटेत त्यांनी सायकलचं वजन विचारलं. साडेनऊ किलो म्हटल्यावर म्हणाले, नुसती एक भरली किटली याच्यापेक्षा जड असायची. मग किंमत विचारली. त्यांना मी खरी सांगितली. वाई येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

मुलगा आता पुण्यात शिकतो. दिवाळीला आला होता तेव्हा सायकलची चेन त्याने स्वतः साफ केली, तेल घातलं. हात पुसता पुसता विचारलं, "चारशे कधी असते यंदा?" मी म्हटलं, बघितलं नाही. बघितलं होतं. फेब्रुवारीत आहे. त्याला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

वेळ संपली म्हणून चिठ्ठी आलीय, तेव्हा शेवटची सूचना. उद्या सकाळी साडेसहाला, नीट उजाडल्यावर, ढोल्या गणपतीसमोर जमायचंय. पसरणी गावापर्यंतच जाऊन परत यायचं आहे, घाट नाही. गिअरची सायकल हवीच असं नाही, भाच्याची, भाडेकरूची, कुठलीही चालेल. हेल्मेट जादा दोन आहेत. पंप आणि पंक्चरचं सामान मी आणते. आणि मागच्या रांगेतल्या मंडळींनी जरूर यावं, चेन पडली तर यावेळी मी बसवून देईन.