खामच्या काठावरची टिटवी

आज बचतीचं, व्याजाचं, बँकेचं काही बोलणार नाही. थोडं येईलच, ते काही सुटत नाही. पण आज सांगायचं आहे ते खाम नदीच्या काठावरच्या एका टिटवीबद्दल, आणि तिच्यावरून आमच्या गटात झालेल्या भांडणाबद्दल.

खाम नदी म्हटलं की आपल्या शहरातली निम्मी माणसं विचारतात, ही कुठली? नाला म्हटलं की लगेच कळतं. मकाई गेट, पाणचक्की, बारापुल्ला, लोखंडी पूल, या सगळ्या ठिकाणी आपण ओलांडतो ती खामच. जटवाड्याच्या डोंगराकडून येते, हर्सूलच्या तलावावरून शहरात शिरते आणि पुढे गोदावरीला मिळते. आपल्या नळाला पाणी येतं तेही गोदावरीचंच, पैठणच्या नाथसागरातलं. आपण सकाळी पुलावरून पिशवी भिरकावतो तेव्हा एवढं लांबचं डोक्यात येत नाही.

आमच्याही नव्हतं येत. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हाची कचराकोंडी तुम्हाला आठवत असेल. चौकाचौकात ढीग. आमच्या गल्लीत मात्र ढीग नव्हता, त्याचं आम्हाला कौतुक होतं. सगळा नदीत गेला होता, दुसरं काय. पुढे महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व संस्था आणि व्हेरॉक कंपनी यांनी मिळून खामच्या सफाईचं काम हाती घेतलं, काही ठिकाणी काठ मोकळा झाला, झाडं लागली. आमच्याकडे आधी धास्तीच पसरली. नदी साफ होणार म्हटलं की काठावरच्या बाईला पहिला प्रश्न पडतो, आपलं घर राहील का? ती धास्ती अजून पुरती गेलेली नाही.

पण काठाशी राडारोडा टाकून सपाट झालेली एक जागा आम्हाला मिळाली. उन्हाळ्यात तिथे आम्ही बाजा टाकतो, वर जुनी साडी अंथरतो आणि कुरडया, पापड, सांडगे वाळवतो. लग्नसराईच्या ऑर्डरी असतात. गटाच्या कर्जाचे चार-पाच हप्ते त्या वाळवणातून निघतात, म्हणून ती जागा म्हणजे आमचा कारखानाच समजा.

चैत्रात एके सकाळी चीक शिजवून, सोऱ्या घेऊन गेलो, तर टिटवी अंगावर धावून आली. डोळ्यापुढं लाल कातडी, काळी छाती, लांब पिवळे पाय, आणि आवाज असा की कान किटावेत. आधी वाटलं वेडी झालीय. मग आमच्यातल्या एकीचं पाऊल जिथे पडणार होतं तिथून वीतभरावर चार अंडी दिसली. घरटं असं नव्हतंच. खड्यांमध्ये उथळ खळगा, आणि अंडी त्या खड्यांच्याच रंगाची, मातकट, वर काळे ठिपके. नजर काढली की परत सापडत नव्हती.

आमच्या गटात एक मावशी आहेत. त्यांचे मालक तेव्हा आजारी, दर आठवड्याला दोनदा घाटीत न्यावं लागायचं. मावशी म्हणाल्या, "तीन रातीपासून ही घरावरून वरडत चाललीय. मला झोप नाही. अंडी काढा अन् द्या तिकडं टाकून." टिटवी ओरडत गेली की घरातलं माणूस जातं, हे आपण सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलंय. कुणी मावशींना हसलं नाही. पोरांनी तर दगडही उचलले होते.

खरी गोष्ट अशी की टिटवी रात्रीही जागीच असते. कुत्रं, मांजर, माणूस अंड्यांकडे आलं की ती उठते आणि ओरडते. मावशींचं घर काठावरचं शेवटचं, कुत्री तिथूनच नदीत उतरतात. हे आम्ही नंतर चार रात्री बघून ठरवलं. पण त्या सकाळी हे कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ज्या बाईचा नवरा खाटेवर आहे तिला ते कसं सांगणार?

बैठक तिथेच बसली. एकीकडे मावशी, एकीकडे ऑर्डर, मधे चार अंडी. तोडगा काढला शेजारच्या आपांनी. त्या आमच्या गटात नाहीत, आधी पाण्याच्या पाइपवरून त्यांच्याशी आमचं वाजलेलंही होतं. गॅलरीतून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "हमारी छत खाली पडी है, ले जाओ बाजां ऊपर." बाजा वर गेल्या, त्या वर्षीचं वाळवण आपांच्या गच्चीवर झालं. गच्चीचं भाडं म्हणून त्यांनी फक्त दोन किलो कुरडया घेतल्या. अंड्यांभोवती पोरांनीच विटा मांडल्या. मावशी काही बोलल्या नाहीत. गटानं ठरवलं म्हणून गप्प बसल्या, पटलं म्हणून नाही.

टिटवी साधारण चार आठवडे उबवते. नर-मादी पाळीनं बसतात. ऊन चढलं की पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि अंडी गार ठेवतात. आम्ही गच्चीवरून बघायचो. गच्चीवरून नदीही पहिल्यांदाच नीट दिसली. ढोकरी तासन्‌तास एका जागी उभी, उडाली की एकदम पांढरी. गुलाबी काटक्यांच्या पायांचे शेकाटे, तारेवर निळा खंड्या. एकजण म्हणाली, पक्षी आले म्हणजे पाणी साफ झालं. तसं नाही बरं का. शेकाट्याला गटाराचं पाणीही चालतं, त्यातले किडे तो खातो. पक्षी मोजून पाणी स्वच्छ ठरवू नका, शेवटी सांडपाण्याची लाइन कुठे सोडलीय तेच बघावं लागतं.

चारातली तीन अंडी फुटली. पिलं त्याच दिवशी चालायला लागली, आईनं आवाज दिला की जमिनीला चिकटून दगड व्हायची. एक मांजरानं नेलं. दोन गवतात गेलेली आम्ही पाहिली.

आषाढात मावशींचे मालक गेले.

गल्लीत कुजबुज झालीच, टिटवी ठेवली म्हणून. डॉक्टरांनी फाल्गुनातच सांगून ठेवलं होतं, हे माहीत असूनही झाली. आम्ही दहाव्याला गेलो तेव्हा मावशींकडे बघायची हिंमत होत नव्हती. गटाच्या निधीतून जे द्यायचं ते दिलं, सही घेतली, आणि उठायला लागलो. मावशी म्हणाल्या, "बसा की. त्या वक्ताला रातभर मी जागी असायची, अन् ती बी जागी असायची. दुसरं कोण होतं जागं?"

यंदा ती त्या जागेवर आली नाही. आमच्याही बाजा तिथे परत गेल्या नाहीत, वाळवण आपांच्या गच्चीवरच होतं आणि आपा आता गटात आहेत, महिन्याचे शंभर रुपये भरतात. घंटागाडी आमच्या अरुंद गल्लीत येत नाही, म्हणून दोघी-दोघींच्या पाळीनं कचरा मोठ्या रस्त्यावर नेतो. पाळी चुकते. परवाच एक पिशवी नदीत गेली, कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ती बाई आत्ता हे ऐकत असणार. नमस्कार.