संगणकाची कैफियत



ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, राज्यघटना, शेतीचे अर्थकारण अशा विषयांचा ऊहापोह दरवर्षी होतो, तेथे घरातील बिघडलेल्या संगणकासाठी साहाय्य कोणाकडे आणि कसे मागावे हा विषय चालकांनी यंदा माझ्याकडे सोपवला, तेव्हा हा व्याख्यानाचा नसून दुकानदारीचा विषय आहे असा शेरा काही मंडळींनी मारल्याचे माझ्या कानावर आले. मला तो शेरा मान्य नाही. विजेचे देयक, सात-बाराचा उतारा, बँकेतील शिलकीची खातरजमा, परदेशी गेलेल्या मुलांचे मुखदर्शन, ही सर्व कामे ज्या यंत्राच्या द्वारे होऊ लागली, ते अडून बसले म्हणजे घरातील कर्ता माणूस एकाएकी परावलंबी होतो. आणि परावलंबी झालेल्या शहाण्या माणसाने मदत कशी मागावी, हा प्रश्न मला तरी क्षुद्र वाटत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, आपण मदत मागावयास जातो तेव्हा वृत्तान्त सांगण्याऐवजी निकाल सांगतो. ‘व्हायरस आलाय’, ‘विंडोज उडालं’, ‘इंटरनेट गेलं’ ही वाक्ये साक्षीदाराची नव्हेत, न्यायाधीशाची आहेत. आणि ती ऐकून घेणारा माणूस जर उतावळा असला, तर तो त्या निकालाची अंमलबजावणी तेवढी करून मोकळा होतो. सायमन टॅथम या इंग्रज संगणकतज्ज्ञाने १९९९ साली संगणकातील दोष कसे कळवावेत याविषयी एक निबंध लिहिला, त्यातही त्याचा मुख्य आग्रह हाच आहे की, काय घडले ते आधी सांगा, त्याचे कारण काय असावे ते मागाहून.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिरस्तेदार आहेत. दिवाणी न्यायालयात सारी हयात गेल्यामुळे, कोणताही कागद दिनांकाखेरीज सुरू करावयाचा नाही आणि साक्षीदाराच्या तोंडचे शब्द आपल्या पदरच्या शब्दांनी सुधारावयाचे नाहीत, हे दोन नियम त्यांच्या अंगवळणी पडलेले. एके सकाळी त्यांच्या संगणकावर बँकेचे संकेतस्थळ उघडेना. कुटुंबाचे मत पडले की इंटरनेट बंद आहे; भाच्याने दूरध्वनीवरून राउटरला दोष दिला; आणि चौकातल्या दुकानदाराने यंत्र न पाहताच ‘फॉरमॅट मारावा लागेल, काका’ असा निर्णय देऊन टाकला. शिरस्तेदारांनी या तिन्ही मतांचा आदर राखून एक कोरा कागद घेतला आणि पडद्यावर जे दिसत होते ते जसेच्या तसे उतरवण्यास आरंभ केला. शिरस्त्याप्रमाणे प्रथम तारीख घालावयाची, म्हणून त्यांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिले, तो तेथे १ जानेवारी २००९!

संगणकाच्या मदरबोर्डावर सी-आर २०३२ या नावाची तीन व्होल्टांची एक चपटी बॅटरी बसवलेली असते आणि यंत्राचा विद्युत्पुरवठा तोडल्यावर आतले घड्याळ तिच्याच बळावर चालू राहते. शिरस्तेदार काटकसरीने रोज रात्री भिंतीवरचे बटणही बंद करीत, आणि कित्येक वर्षांची ती बॅटरी आता निःसत्त्व झालेली असल्यामुळे, प्रत्येक सकाळी यंत्र आपल्या जन्मकाळच्या तारखेपासून पुन्हा आयुष्य सुरू करी. बँकेचे संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र सादर करते त्यास अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. २००९ सालात वावरणाऱ्या यंत्राच्या हिशेबी ते प्रमाणपत्र अद्याप अस्तित्वातच आलेले नव्हते, सबब ते ग्राह्य धरण्यास त्याने नकार दिला. यंत्राचे वर्तन सर्वस्वी कायदेशीर होते. फॉरमॅट मारला असता तर नातवंडांची छायाचित्रे गेली असती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा २००९ साल उजाडले असते. नव्या बॅटरीस मात्र शंभर रुपयेही पडले नाहीत.

तेव्हा मदत मागण्यापूर्वी कागद घ्यावा, अथवा त्याहून सोपे म्हणजे पडद्यावरील इंग्रजी मजकुराचे मोबाइलवर स्वच्छ छायाचित्र काढावे, कारण ‘इंग्रजीत काहीतरी आलं होतं, मी ओके केलं’ या जबानीतून ब्रह्मदेवासही काही उमगावयाचे नाही. बिघाडापूर्वी नेमके काय चालले होते, अलीकडे कोणता नवा प्रिंटर जोडला, रात्री वीज गेली होती काय, आणि हा प्रकार दरवेळी होतो की अधूनमधून, एवढे सांगितले तरी मदतनिसाचे निम्मे श्रम वाचतात. ‘मी काहीच केलं नाही’ हे वाक्य मात्र बहुतेक कैफियतींच्या अग्रभागी असते आणि ते क्वचितच पूर्णांशाने खरे असते. त्यात लबाडी नसते, भय असते. आणि हे भय, आपण हात लावला म्हणून घरातील धाकटी माणसे ज्या स्वरात बोलतात त्या स्वराने उत्पन्न केलेले असते.

‘बंद करून पुन्हा चालू केला का?’ या प्रश्नाचा पुष्कळांस राग येतो. रोज रात्री बंद करतोच की, असे ते म्हणतात. येथे एक गोम आहे. २०१२ सालच्या विंडोजच्या आठव्या आवृत्तीपासून, यंत्र लवकर सुरू व्हावे या हेतूने अशी तजवीज करण्यात आली की, ‘शट डाउन’ म्हटल्यावर प्रणालीच्या गाभ्याची तत्कालीन स्थिती डिस्कवर जतन करून ठेवावयाची आणि सकाळी तीच पुन्हा उचलावयाची. ही सोय चालू असलेल्या यंत्रात कालची गुंतागुंत आजही कायम राहू शकते. याउलट ‘रिस्टार्ट’ म्हटले म्हणजे सारे नव्याने सुरू होते. म्हणून दोहोंपैकी काय केले ते मदतनिसास स्पष्ट सांगावे.

मराठी लिहिणाऱ्यांच्या वाट्यास आलेले एक दुखणे मात्र खास आपले आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या टंकांत ज्यांनी ग्रंथ लिहिले, कुलवृत्तान्त सिद्ध केले, त्यांनी नव्या यंत्रावर ती फाइल उघडली की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थशून्य रांग दिसते, आणि ‘फाइल खराब झाली’ असा आक्रोश होतो. वस्तुतः फाइलीस बहुधा काहीच झालेले नसते. त्या काळच्या अशा टंकांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीचे अवयव बसवलेले असत; फाइलीत केवळ जागांचे क्रमांक असतात, आणि तो टंक यंत्रात नसला की त्या जागांची मूळ अक्षरे उघडी पडतात. तोच टंक बसवावा, किंवा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि मूळ फाइल तशीच जपून ठेवावी. एवढ्यावरून हताश होऊन हस्तलिखिते पुसून टाकणारे विद्वान आहेत, याचे मला अपार दुःख होते.

दुरुस्तीवाल्यांविषयी सरसकट संशय बाळगावा असे मी म्हणणार नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, ज्याचे दप्तरी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, असे कारागीर बसतात की जे रॅमची पट्टी काढून तिची टोके खोडरबराने पुसतात, परत बसवतात आणि मेलेला समजलेला डबा जिवंत करून देतात. दमट हवेत त्या टोकांवर धरलेला मळ हेच पुष्कळदा सर्व अनर्थाचे मूळ असते. ‘आता नवाच घ्या’ हा सल्लाही नेहमी लबाडीचा नसतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुनी यंत्रे पुढच्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

खरा धोका निराळाच आहे. पडदा एकाएकी व्यापला जातो, भोंगा वाजू लागतो, संगणकात विषाणू शिरला असून अमुक क्रमांकावर तात्काळ दूरध्वनी करा असा हुकूम झळकतो. आणि घाबरलेला माणूस तो क्रमांक फिरवतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने स्पष्ट जाहीर केले आहे की, तिच्या दोषसूचनांत दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. असा हुकूम म्हणजे बहुधा ब्राउझरमधील एक पान असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळी एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तेथून ब्राउझर बंद करावा. ग्राहकसेवेचा क्रमांक गूगलवर शोधून मिळेल तो फिरवणे हेही तितकेच घातक, कारण तेथे भामट्यांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. दूर बसलेल्या अनोळखी इसमाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखे साधन उघडून आपला पडदा त्याच्या स्वाधीन करणे म्हणजे कोऱ्या मुद्रांकावर कुलमुखत्यारपत्र सही करून देणे होय. पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नये. १९३० या सरकारी क्रमांकावर त्याच घटकेस फिर्याद नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडवता आली तरच ती हाती येण्याची आशा असते.

सभागृहात मागे उभ्या असलेल्या तरुण मित्रांस माझी एक विनंती आहे. आजोबांनी वा मावशींनी बोलावले म्हणजे त्यांच्या हातातून माऊस ओढून घेऊ नका, दहा सेकंदांत दहा खिडक्या उघडून ‘झालं’ म्हणून उठू नका. खुर्चीत त्यांनाच बसू द्या, त्यांचा वृत्तान्त मध्येच न तोडता ऐका, आणि जे केले ते चार ओळींत, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून यंत्राशेजारी ठेवा. आणि निघण्यापूर्वी त्यांच्या छायाचित्रांची व कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवा, ती डिस्क यंत्रापासून सोडवा, आणि कोणत्या कपाटात ठेवली ते त्यांच्या देखत सांगून मगच घरी जा.