बिजागरीचा खिळा



ज्यांच्या घरी पंचवीस-तीस वर्षांची मोटार आहे त्यांना, दार ओढल्यावर ते लागत नाही, किंचित उचलून धरले म्हणजे लागते, आणि पुढे काही महिन्यांनी तर आपटल्यावाचून लागतच नाही, हा अनुभव पूर्ण परिचयाचा असेल. परंतु त्या वेळी ज्या कुलपावर आपण रोष काढतो ते कुलूप बहुधा निर्दोष असते, आणि खरा दोष दाराच्या दुसऱ्या कडेला, जिकडे आपली दृष्टी सहसा वळत नाही त्या बिजागरीत, वर्षानुवर्षे वाढत आलेला असतो.

उदाहरणादाखल मी फियाट घेतो, कारण ती आपल्या डोळ्यांसमोर जन्मली आणि आपल्याच रस्त्यांवर वृद्ध झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडत, आणि पुढे पद्मिनी या नावाने त्यांनी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा संसार २०२३ च्या ऑक्टोबरापर्यंत सांभाळला. त्यांच्यातील एक जुनी, लोक जिला डुक्कर फियाट म्हणत, तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला असत, म्हणजे दार समोरच्या काचेकडून उघडे. अशा दाराची पकड धावत्या गाडीत सुटली तर समोरचा वारा त्याला मिटवीत नाही, उलट फाकवून टाकतो. १९६४ च्या डिलाइट या नव्या फियाटमध्ये ही रचना बदलून बिजागऱ्या पुढच्या खांबावर आल्या आणि तो धोका ओसरला. झीज मात्र ओसरली नाही, कारण ती भारातून उत्पन्न होते, आणि भार तेवढाच राहिला.

हा भार किती असतो ते पाहा. दार २५ किलोचे आहे, त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ५० सेंटिमीटरवर आहे आणि दोन बिजागऱ्यांत ३५ सेंटिमीटरचे अंतर आहे असे धरले, तर उघडे दार वरच्या बिजागरीला सुमारे ३६ किलोच्या जोराने खांबापासून बाहेर ओढते आणि खालचीला तितक्याच जोराने खांबात रेटते. खिळा एकाच अंगाने घासत जातो, छिद्राचा वर्तुळाकार मोडून ते लांबट होते, आणि वरच्या बिजागरीत अवघी अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई आली की मीटरभर दूर असलेले कुलूप जवळजवळ दीड मिलिमीटर खाली उतरते. खालची बिजागरीही तेवढीच झिजली असेल तर तीन. त्यात आपल्याकडील धूळ बिजागरीच्या तेलात कालवली गेली म्हणजे ती कानशीसारखी घासू लागते, म्हणून तेल घालण्यापूर्वी जुना चिखल रॉकेलने धुऊन काढणे हे तेल घालण्याइतकेच आवश्यक आहे.

आता उपायांविषयी. सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे खांबावरचा कुलपाचा खुंट ढिला करून दाराच्या मागोमाग खाली सरकविणे. माझ्या गाडीचे उजवे मागचे दार एका कारखान्यात असे तीन वेळा ‘दुरुस्त’ झाले, तिन्ही वेळा मी मुकाट्याने मोबदला दिला, आणि दिवे घाटातील एका वळणावर ते दार, कुलूप पहिल्याच खाचेत अर्धवट अडकलेले असल्यामुळे, माझ्या वृद्ध मातोश्रींच्या बाजूला सताड उघडले. त्यांनी पुढच्या आसनाची पाठ धरून ठेवली म्हणून अनर्थ टळला. तो प्रसंग मला आजही विसरता येत नाही, आणि आज येथे उभे राहण्याचे कारणही तोच आहे. दुसरा उपाय, बिजागरीत लाकडाचा तुकडा धरून दार जोराने रेटण्याचा; त्याने बिजागरीचे पान वाकते, दार वर आल्याचा आभास होतो, पण लांबट छिद्र लांबटच राहते.

दुरुस्तीचा आरंभ परीक्षेने करावा. दार अर्धे उघडून एकाने कुलपाकडची कड वर उचलावी आणि दुसऱ्याने बिजागरीवर बोट ठेवावे. हालचाल खिळ्याशी जाणवली तर दोष खिळ्याचा किंवा छिद्राचा. पान आणि खांब यांच्यामध्ये जाणवली तर बोल्ट सैल आहेत, किंवा खांबाचा पत्राच आतून गंजला आहे, आणि मग खांबाचा बंदोबस्त होईपर्यंत नवा खिळा घालणे व्यर्थ होय. जेथे बिजागरी बोल्टांनी बसविलेली असते तेथे ती सोडविण्यापूर्वी पानाची कड खांबावर टोकदार सुईने आखून घ्यावी, दाराखाली जॅकवर फळी आणि तिच्यावर गोणपाटाची घडी ठेवावी, आणि गंजलेल्या खिळ्याला रात्रभर तेल पाजून सकाळी पंचाने ठोकून काढावे. बिजागरी वेल्ड केलेली असेल तर ती तोडू नये. खिळा तेवढा काढून काम जागेवरच करावे.

यानंतरचे काम रीमरचे आणि लेथचे. ८ मिलिमीटरचे छिद्र लांबट झाले असेल तर ते साडेआठचे गोल करून त्याच मापाचा पोलादी खिळा काढून घेता येतो; परंतु अधिक चांगला मार्ग म्हणजे छिद्र आणखी मोठे करून त्यात पितळेचा बुश घट्ट दाबून बसविणे, कारण खिळा एका पानात पक्का आणि दुसऱ्या पानातील बुशात फिरता ठेवला की पुढची सारी झीज त्या मऊ, स्वस्त बुशाच्या वाट्याला येते आणि मूळ बिजागरी सुरक्षित राहते. रीमर मात्र सर्व छिद्रांतून एकाच रेषेत फिरला पाहिजे. अन्यथा खिळा आखडतो आणि दार हट्टी बनते. कुलपाचा खुंट सर्वांत शेवटी हलवावा.

दार बेताबाहेर उघडू न देणारा पट्टा तुटला असेल तर तो त्याच दिवशी बदलावा, आणि दाराच्या तळाची पाणी वाहून जाण्याची छिद्रे मोकळी करावीत. खाजगी गाडीच्या नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपली म्हणजे दर ५ वर्षांनी तिला तपासणीस हजर करावे लागते. त्या हजेरीची वाट न पाहता ही परीक्षा पावसाळ्यापूर्वी दरसाल करावी.

माझ्या त्या दाराचा जुना खिळा मी सोबत आणला आहे. तो येथे मेजावर ठेवतो. सभा संपल्यावर त्याच्या मध्यावरून नख फिरवून पाहावे.