पॅनेलवरचे नाव आणि खारपाणपट्ट्यातले काम

सूचीबद्ध सल्लागार म्हणजे ज्याची पात्रता काम निघण्याआधीच तपासून ठेवलेली आहे असा सल्लागार. कचेऱ्यांतून यासाठी ‘पॅनेलवर असणे’ किंवा ‘एम्पॅनलमेंट’ हेच शब्द चालतात. शासकीय मदत खेड्यात पोहोचते तेव्हा पैसा देणारी संस्था आणि योजना राबवणारे खाते यांच्या जोडीला तिसरा एक हात लागतो. गावाचा आराखडा करणारा, शेतकऱ्यांचे गट बांधणारा, त्यांना हिशेब शिकवणारा हा हात सल्लागार संस्थेचा असतो. दर कामासाठी नव्याने शोधाशोध करण्यात हंगाम निघून जातो, म्हणून ही यादी आगाऊ केली जाते. ती कशी होते, तीत कोण बसते आणि कोण बाहेर राहते, याचा परिणाम शेवटी बांधावर दिसतो.

वऱ्हाडाला या तिसऱ्या हाताची ओळख गेल्या दोन दशकांत चांगलीच झाली. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. याच सहा जिल्ह्यांत पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने ‘केम’ हा समन्वित कृषी विकास प्रकल्प चालला. त्याचे मुख्यालय अमरावतीला होते. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे ‘पोकरा’, सुरू झाला. त्यातील ५,१४२ गावांपैकी ९३२ गावे पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातली, म्हणजे भूजल खारट असलेल्या भागातली, होती. २०२० मध्ये केंद्राची दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्या उभारण्याची योजना आली. देणारे बदलले, योजनांची नावे बदलली, तरी गावपातळीवरच्या कामासाठी बाहेरची संस्था निवडण्याची गरज प्रत्येक वेळी उभी राहिली.

निवडीचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कायम यादीचा. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या योजनेत नाबार्ड, एसएफएसी (लघु कृषक कृषी व्यापार संघ) आणि एनसीडीसी (राष्ट्रीय सहकारी विकास निगम) यांसारख्या अंमलबजावणी यंत्रणा ‘सीबीबीओ’, म्हणजे समूह आधारित व्यवसाय संस्था, सूचीबद्ध करतात. अशा संस्थेकडे पाच विषयांची जाणकार माणसे असावी लागतात: पीकशास्त्र, विपणन व प्रक्रिया, लोकसंघटन, कायदा व लेखा, आणि माहिती तंत्रज्ञान. एक कंपनी उभी करून चालती करण्यासाठी संस्थेला पाच वर्षांत मिळून कमाल २५ लाख रुपये मिळू शकतात. दुसरा मार्ग कामागणिक निवडीचा. जागतिक बँकेच्या २०१६ च्या खरेदी नियमावलीनुसार कर्ज घेणारे सरकार प्रत्येक सल्लागार कामासाठी जाहिरात देते, इच्छुक संस्थांकडून स्वारस्यपत्रे मागवते आणि त्यांतून साधारण ५ ते ८ संस्थांची लघुसूची करते. भारत सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत लघुसूचीत किमान तीन नावे असावीत अशी अट आहे. काम २५ लाखांपर्यंतचे असेल तर इतर खात्यांकडे चौकशी करून संभाव्य सल्लागारांची यादी करता येते. त्यावरच्या कामासाठी सरकारी पोर्टलवर जाहिरात द्यावी लागते.

मार्ग कोणताही असो, पहिली चाळणी कागदांची असते. संस्था विश्वस्त कायद्याखाली, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली की कंपनी म्हणून नोंदलेली आहे, ते आधी पाहिले जाते. त्यामागे पॅन, जीएसटी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि काळ्या यादीत नाव नसल्याचे शपथपत्र येते. उलाढालीचा दाखला सनदी लेखापालाचा लागतो आणि २०१९ पासून त्यावर १८ अंकी ओळख क्रमांक असावा लागतो. त्यावरून दाखला खरा आहे की नाही हे लगेच पडताळता येते. सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे कार्यपूर्ती प्रमाणपत्र. त्यात कामाचे नाव, कालावधी, रक्कम, जावक क्रमांक आणि सक्षम अधिकाऱ्याची सही हवी. पाच गावांत उत्तम काम केलेल्या संस्थेने हा एक कागद वेळेवर मागून घेतला नाही, आणि दरम्यान अधिकाऱ्याची बदली झाली, तर ते काम कागदोपत्री झालेलेच नसते. म्हणून जाणत्या संस्था शेवटच्या बिलासोबतच प्रमाणपत्राचा अर्ज देतात.

दुसरी चाळणी गुणांची. लघुसूचीतल्या संस्थांना प्रस्ताव मागणीपत्र आणि कामाच्या संदर्भ अटी पाठवल्या जातात. तांत्रिक प्रस्ताव आधी उघडतो. त्यात किमान गुण मिळवणाऱ्यांचेच आर्थिक प्रस्ताव नंतर उघडतात. मग दोन्हींचे गुण ठरलेल्या प्रमाणात एकत्र होतात. उदाहरणादाखल, एका संस्थेला तांत्रिक ८८ गुण असून तिची फी २० लाख आहे. दुसरीला ७६ गुण आणि फी १६ लाख. कमी फीला १०० गुण, म्हणून पहिलीचे आर्थिक गुण ८० होतात. प्रमाण ७०:३० ठेवले तर पहिलीला ८५.६ आणि दुसरीला ८३.२ गुण पडतात. तेच प्रमाण ६०:४० केले तर पहिलीला ८४.८ आणि दुसरीला ८५.६. प्रस्तावांतला एक शब्दही न बदलता काम दुसऱ्या संस्थेकडे जाते. गुणवत्तेला किती वजन द्यायचे हे जाहिरातीआधी ठरवणारी टिपणी म्हणूनच फार जबाबदारीने लिहिली गेली पाहिजे.

यादीत नाव आले म्हणजे काम मिळाले असे होत नाही. पॅनेल ही पात्रतेची नोंद आहे. कामाचा हक्क कार्यादेशाने येतो. एखादे काम निघाले की यादीतल्या संस्थांकडून दर किंवा छोटा प्रस्ताव मागवतात, नाहीतर जिल्हा किंवा तालुका वाटून देतात. अमेरिकेच्या ‘यूएसएआयडी’ या परदेशी मदत देणाऱ्या यंत्रणेची पद्धत याच धर्तीची होती. काही संस्थांशी कमाल रकमेचा दीर्घ मुदतीचा करार व्हायचा आणि प्रत्यक्ष कामासाठी त्याच संस्थांमध्ये पुन्हा स्पर्धा व्हायची. १९६१ पासून चाललेली ही यंत्रणा १ जुलै २०२५ रोजी बंद झाली, उरलेले कार्यक्रम परराष्ट्र खात्याकडे गेले आणि तिच्यावर विसंबलेल्या जगभरच्या संस्था अडचणीत आल्या. एकाच देणाऱ्याच्या यादीवर संसार उभारू नये, हा धडा अमरावती-अकोल्यातल्या संस्थांनाही लागू पडतो.

यादीतून नाव जातेही. पॅनेलची मुदत संपली की पुन्हा अर्ज करावा लागतो. खोटा दाखला, हितसंबंध लपवणे, संगनमत अशा कारणांसाठी भारत सरकारच्या नियमांनुसार खरेदी करणारे खाते दोन वर्षांपर्यंत बंदी घालू शकते. बहुपक्षीय बँकांची शिस्त आणखी कडक आहे. एप्रिल २०१० मध्ये जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि इतर तीन विकास बँकांनी एकमेकींनी घातलेल्या बंद्या मान्य करण्याचा करार केला. त्यामुळे एकीकडे केलेली लबाडी पाचही ठिकाणी महागात पडू शकते.

ही सगळी रचना प्रामाणिकपणा आणि आर्थिक क्षमता चांगली तपासते. जमिनीची जाण मात्र ती उशिरा तपासते, आणि वऱ्हाडाचे नुकसान होते ते इथेच. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या भागांत जमिनीखालचे पाणी खारट आहे. माती काळी, चिकण आणि पाण्याने फुगणारी. ओली झाली की निचरा थांबतो. दुसऱ्या जिल्ह्यातला विहिरी आणि कूपनलिकांचा आराखडा इथे जसाच्या तसा आणला, तर खर्च होतो आणि शेतात खारे पाणी येते. इथे पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरून कपाशीला किंवा हरभऱ्याला अडचणीच्या वेळी एखादे संरक्षित पाणी देणे, सरी-वरंब्याने निचरा राखणे आणि गरज तिथे जिप्सम वापरणे हा मार्ग आहे. ज्याने या पट्ट्यात पाच-दहा पावसाळे काढले आहेत, त्याला हे सांगावे लागत नाही. पण लघुसूचीच्या वेळी संस्थेचा अनुभव आणि आवाका मोजतात. तज्ज्ञ व्यक्तींचे मूल्यमापन प्रस्तावाच्या टप्प्यावर होते. उलाढालीची अट कोटींत असली की जाणकार छोटी संस्था उंबरठ्यावरच थांबते. मग तिच्यापुढे दोन वाटा उरतात: मोठ्या संस्थेबरोबर संयुक्त प्रस्ताव द्यायचा, नाहीतर तिची उपसल्लागार व्हायचे. दुसऱ्या वाटेने काम मिळते, पण अनुभव मुख्य संस्थेच्या नावावर जमा होण्याचा धोका असतो. म्हणून उपकरारातच कामाचा वाटा आणि स्वतंत्र प्रमाणपत्राचे कलम लिहून घेणे अगत्याचे आहे.

यावर महाराष्ट्राने स्वतः वापरून पाहिलेला उपाय आहे. जर्मन साहाय्याने नाबार्डमार्फत चाललेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात संस्थेला आणि गावाला सुरुवातीलाच पूर्ण पाणलोट दिले जात नसे. आधी क्षमताबांधणीचा टप्पा असे. शंभर-सव्वाशे हेक्टरांच्या तुकड्यावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करून दाखवायचे, गावाने श्रमदान करायचे आणि ते पाहून पुढचा निधी मंजूर व्हायचा. संस्थेचा ताळेबंद किती मोठा, यापेक्षा तिने काढलेला समतल चर पाणी धरतो का, याला तिथे महत्त्व होते. याच अनुभवावर नाबार्डचा पाणलोट विकास निधी उभा राहिला आणि २००६ नंतर विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतही त्यातून कामे झाली.

आजच्या पॅनेल पद्धतीत हा टप्पा बसवणे अवघड नाही. कागदांची चाळणी तशीच ठेवावी, कारण सार्वजनिक पैशाला तिची गरज आहे. उलाढालीची अट कामाच्या रकमेच्या प्रमाणात असावी. खारपाणपट्ट्यातल्या कामासाठी तिथल्या अनुभवाला जाहिरातीतच वेगळे गुण असावेत, आणि ते तपासताना अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील मृदा व जलशास्त्राच्या जाणकारांना समितीत घ्यावे. गावांचा पूर्ण समूह सोपवण्याआधी प्रत्येक नव्या संस्थेला एक गाव आणि एक हंगाम द्यावा. तो हंगाम उलटल्यावर गावच्या समितीचे म्हणणे ऐकून आणि शेततळ्यात पाणी किती दिवस टिकले ते पाहून नाव यादीत कायम करावे.